वजनाची गोळी आणि चमचाभर तेल

लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या मेडिकलवर एक विचारणा वाढते: वजन उतरवायची चांगली गोळी आहे का? विचारणारी कधी लग्न ठरलेली मुलगी असते, कधी गुडघ्यांनी हैराण झालेली पन्नाशीची बाई, तर कधी शुगरचा रिपोर्ट हाती पडलेला दुकानदार. डॉक्टरांची चिठ्ठी बहुतेकांकडे नसते. बाटली काउंटरवरून मिळते, मोबाइलवरून मागवली तर दोन-चार दिवसांत घरी येते, आणि ओळखीतली एखादी ताई पावडरचा डबा घरपोच आणून देते. महिन्याकाठी चांगलीच रक्कम जाते. त्या पैशांच्या बदल्यात शरीराला नेमके काय मिळते, हे मात्र घेणाऱ्याला क्वचितच कुणी समजावून सांगते. म्हणून या गोळीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

आधी गोळी मागणाऱ्याची बाजू. ती कमकुवत नाही. जाड माणसाला आळशी ठरवून मोकळे होणे सोपे असते. पण भूक, झोप, संप्रेरके, आनुवंशिकता, गरोदरपण, काही औषधे आणि मनाचा ताण या सगळ्यांचा वजनाशी संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि दर दहा प्रौढांपैकी सुमारे चौघांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. इतक्या माणसांच्या दुखण्याला ‘तोंड आवरा’ एवढेच उत्तर देणे अन्यायाचे ठरेल.

‘चाला आणि कमी खा’ हा सल्ला खानदेशात पाळायलाही कठीण जातो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. सकाळचा गारवा पाणी भरण्यात, डबे करण्यात निघून जातो आणि संध्याकाळी अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या बाईला फिरणे नकोसे वाटते. घरातली कढई एकच असते. सुनेला तेल कमी घालायचे असले तरी बाकीच्यांच्या जिभेला ते चालेलच असे नाही. अशा वेळी आपल्या एकटीच्या हातात असलेला उपाय म्हणून गोळीकडे पाहिले जाते. ही अडचण खरी आहे आणि गोळीवर निकाल देणाऱ्याने ती विसरता कामा नये.

पण ‘वजनाची गोळी’ ही एक वस्तू नाही. एकाच फळीवर कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या वस्तू शेजारी-शेजारी उभ्या असतात. पहिली ॲलोपॅथीचे औषध. तिच्या परवान्यामागे माणसांवरच्या चाचण्या असतात. दुसरी आयुर्वेदिक औषध. त्याला उत्पादनाचा परवाना लागतो, पण नव्या ॲलोपॅथिक औषधाकडून मागितला जातो तसा परिणामाचा पुरावा त्याच्याकडून मागितला जात नाही. तिसरी वस्तू म्हणजे सप्लिमेंट. ते कायद्याने औषध नव्हे, अन्न आहे. त्याच्या डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही अशी सूचना छापणे बंधनकारक असते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘फॅट बर्नर’ आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ही सूचना, असे एकाच डब्यावर वाचायला मिळते. विकत घेणाऱ्याने मागची बाजू आधी वाचावी.

या तिसऱ्या गटात सर्वांत गाजलेले नाव गार्सिनियाचे. आपल्या कोकमाच्या कुळातले हे दक्षिणेकडचे फळ. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लामुळे चरबी तयार होणे थांबते, असा दावा केला जातो. 1998 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्याची नीट बेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. 135 माणसे, बारा आठवडे, दोन्ही गटांना सारखाच आहार. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी 3.2 किलोने उतरले. दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे 4.1 किलोने उतरले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन गटांत फरक नव्हता.

हा निष्कर्ष बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण तो ‘मला फरक पडला’ या अनुभवाचा उलगडा करतो. वजन दोन्ही गटांत उतरले. गोळी सुरू करणारा माणूस त्याच दिवसापासून चहातली साखर कमी करतो, रात्रीचा भात सोडतो, थोडे चालू लागतो. डब्यातल्या पत्रकातही ‘योग्य आहार व व्यायामासोबत घ्यावे’ असे लिहिलेले असते. काम आहार करतो आणि श्रेय गोळीला मिळते. शेजारणीचे चार किलो खरोखरच उतरले असतील. ती खोटे बोलत नाही. प्रश्न इतकाच की गोळी नसती तर किती उतरले असते? कोणत्याही गोळीची किंमत या फरकावरून ठरवायची असते.

ग्रीन टीच्या अर्काची स्थिती याहून वेगळी नाही. कपभर ग्रीन टी पिण्यात सहसा धोका नाही, पण कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क दाटलेला असतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मध्ये स्पष्ट केले की अर्कातल्या मुख्य घटकाची मात्रा दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक झाली, तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. वनस्पतीपासून बनलेले म्हणजे निर्धोक, हा समज इथे टिकत नाही.

आयुर्वेदाचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयीही न्यायाने बोलायला हवे. चरकसंहितेने अतिस्थूलतेची गंभीर दखल घेतली आहे. सूत्रस्थानातल्या अष्टौनिंदितीय अध्यायात तिची कारणे आणि उपचार येतात, आणि त्या उपचारांत आहारातला बदल व व्यायाम यांना मोठे स्थान आहे. वैद्याने नाडी, पचन, दिनचर्या पाहून दिलेले औषध ही एक गोष्ट झाली. जाहिरात पाहून मागवलेली, सर्वांना सारखीच लागू पडणारी ‘तीस दिवसांत दहा किलो’वाली बाटली ही अगदी दुसरी गोष्ट आहे. आयुर्वेदावर ज्याची श्रद्धा आहे, त्यानेच तिला आधी नकार द्यावा.

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे ज्याच्यामागे खरा पुरावा आहे अशा औषधाकडे वळू. ते ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत त्याची 120 मिलिग्रॅमची मात्रा 1999 पासून चिठ्ठीवर मिळते आणि 60 मिलिग्रॅमची मात्रा 2007 पासून चिठ्ठीशिवाय. भारतात अमेरिकेसारखा ‘चिठ्ठीशिवाय विकण्याच्या औषधां’चा स्वतंत्र कायदेशीर वर्ग नाही, तरी व्यवहारात हे औषध अनेकांना चिठ्ठी न दाखवताच मिळून जाते. ते भूक मारत नाही आणि चरबी ‘जाळत’ नाही. आतड्यात स्निग्धांश पचवणारे लायपेज नावाचे विकर असते, त्याला ते अडवते. त्यामुळे जेवणातल्या तेला-तुपाचा काही भाग न पचता शौचावाटे बाहेर पडतो. मोठ्या मात्रेत हे प्रमाण सुमारे 30 टक्के असते, लहान मात्रेत सुमारे 25 टक्के.

याचा स्वयंपाकघरातला हिशेब मांडून पाहू. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाची तीस टक्के ऊर्जा स्निग्धांशातून येत असेल, तर दिवसभरात 67 ग्रॅमच्या आसपास तेल-तूप पोटात जाते. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल तिन्ही जेवणांसोबत घेतल्या तर त्यातले 20 ग्रॅम बाहेर पडते, म्हणजे 180 कॅलरी वाचतात. लहान मात्रेत 17 ग्रॅम, म्हणजे दीडशे कॅलरी. स्वयंपाकातला एक मोठा चमचा तेल सुमारे 14 ग्रॅमचा असतो आणि त्यात सव्वाशे कॅलरी असतात. दिवसभराच्या तीन कॅप्सूल मिळून जे साधतात, ते सव्वा ते दीड चमचा तेल कमी खाल्ल्याने साधते. कॅप्सूलचा रोजचा खर्च ब्रँडप्रमाणे शंभर रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. तेल कमी घातले तर उलट पैसे वाचतात. भाकरी, भात, केळी, साखरेचा चहा, जिलेबी यांतल्या पिष्टाला आणि साखरेला तर ही कॅप्सूल हातही लावत नाही.

खानदेशी ताटाशी या औषधाचे जमणेही अवघड आहे. लहान मात्रेच्या उत्पादकाचाच सल्ला असा की एका जेवणात स्निग्धांश 15 ग्रॅमच्या आसपास ठेवावा. शेवभाजीची तर्री, हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचे तेलात परतलेले भरीत आणि सोबतच्या पुऱ्या, वरण-बट्टीवर सढळ हाताने ओतलेले तूप, यांतल्या कोणत्याही एका जेवणात ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. मग न पचलेले तेल आपला मार्ग शोधते. पोट फुगते, शौचाला घाईने पळावे लागते, गॅससोबत तेल कपड्यांना लागते. रोज रेल्वेने भुसावळ-जळगाव किंवा एसटीने शिरपूर-धुळे ये-जा करणाऱ्याला हा त्रास किती अवघड आहे, हे सांगायला नको. ज्याने आधी तेल कमी केले त्यालाच हे औषध सोसते. आणि ज्याने तेल कमी केले, त्याला औषधाची गरज तेवढीच कमी उरते.

याशिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलासोबत निसटतात, म्हणून ती वेगळ्या वेळी पूरक म्हणून घ्यावी लागतात. थायरॉइडची गोळी आणि हे औषध यांत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. रक्त पातळ करणारे वारफेरिन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. गरोदर स्त्रियांना आणि पित्त अडण्याचा विकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे. लघवीतले ऑक्सलेट वाढून मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मुतखड्याचा त्रास उन्हाळी प्रदेशात अधिक आढळतो, तेव्हा आपल्याकडच्या माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. यकृताला गंभीर इजा झाल्याची विरळ उदाहरणे समोर आल्यावर अमेरिकेत 2010 मध्ये त्याच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्यात आली.

इतके सांगितल्यावर त्याची जमेची बाजू लपवणे बरोबर नाही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर मोठ्या मात्रेने वर्षभरात, आहारातून घटलेल्या वजनाखेरीज, सरासरी तीन किलोंच्या आसपास अधिक वजन उतरते असे दिसले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत 3300 हून अधिक स्थूल माणसांना चार वर्षे तपासले गेले. आहार-व्यायामासोबत ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांचे वजन 5.8 किलोने, तर नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचे 3 किलोने कमी राहिले. मधुमेह होण्याचे प्रमाण नुसत्या आहारवाल्यांत 9 टक्के होते, औषधवाल्यांत 6.2 टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी हा फायदा क्षुल्लक नाही. म्हणून या औषधाला सरसकट फसवणूक म्हणता येणार नाही. ते थोडेसे, हळूहळू आणि योग्य माणसाला उपयोगी पडते.

धोक्याची बाजू मात्र इतिहासासकट पाहावी लागते. वजनाच्या औषधांइतकी परवाना मिळून नंतर बाद झालेली औषधे थोड्याच क्षेत्रांत सापडतील. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडतात हे कळल्यावर ते 1997 मध्ये अमेरिकेत मागे घेतले गेले. रिमोनाबँटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात म्हणून युरोपने 2008 मध्ये ते थांबवले. भारताने 2009 च्या डिसेंबरमध्ये बंदी घातली. सिब्युट्रामिन तेरा वर्षे बाजारात होते. सुमारे दहा हजार रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचे आणि पक्षाघाताचे प्रमाण 16 टक्क्यांनी वाढलेले दिसले, तेव्हा 2010 मध्ये ते अमेरिकेत आणि युरोपात बंद झाले आणि 2011 मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. ही सारी औषधे तपासलेली होती, डॉक्टरांच्या हातातून दिली जात होती. जी बाटली तपासलेलीच नाही, तिच्याविषयी आपण किती सावध असायला हवे!

बाद झालेले सिब्युट्रामिन संपलेलेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 2008 पासून ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या अनेक उत्पादनांत ते गुपचूप मिसळलेले आढळले आहे. लेबलवर त्याचे नाव नसते. घेणाऱ्याला फक्त भूक मेलेली आणि छाती धडधडणारी जाणवते. एखाद्या ‘जडीबुटी’ने पहिल्याच आठवड्यात विलक्षण गुण आला, तर आनंद मानण्याआधी ती बाटली डॉक्टरांना दाखवावी.

खानदेशच्या उन्हाळ्यात आणखी एक धोका आहे. वजन झटपट उतरवणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखीसारखे रेचक असते, काही गोळ्यांत लघवी वाढवणारे द्रव्य. त्यांनी काट्यावरचा आकडा दोन-तीन दिवसांत खाली येतो, कारण शरीरातले पाणी निघून गेलेले असते. चरबी होती तिथेच राहते. 45 अंशांच्या उन्हात, मांडवात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीच्या अंगातून आधीच पाणी आणि क्षार जात असतात. त्यात ही भर पडली तर चक्कर, पायात गोळे आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड, इथवर मजल जाऊ शकते.

मुळात किलोंचा आकडा हे मापही आपल्यासाठी अपुरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंचीच्या प्रमाणातला वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता: 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या गेल्या: बीएमआय 23 पासून सावध व्हायचे, आणि पोटाचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायचा. जाहिरात किलोंविषयी बोलते. आपण शिंप्याकडची टेप घेऊन पोट मोजावे.

सध्या टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांची चर्चा जोरात आहे. 2025 मध्ये ती वजन घटवण्यासाठी भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास घटले, औषध नसलेल्या इंजेक्शनने अडीच टक्क्यांहून कमी. ही औषधे खरोखर प्रभावी आहेत. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचेही त्याच संशोधनातून दिसले आहे. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दीर्घकाळासाठी घ्यायची आहेत. काउंटरवरच्या गोळीसारखी कुणाच्या सांगण्यावरून सुरू करायची नाहीत.

मग बिनगोळीचा मार्ग किती जोरकस आहे? अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला 150 मिनिटे चालणे आणि सात टक्के वजन उतरवण्याचे ध्येय यांनी मधुमेहाची शक्यता 58 टक्क्यांनी घटवली. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने 31 टक्क्यांनी. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोहोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी अवलंबली. तिच्यावर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याने ती डॉक्टरांशिवाय सुरू करू नये. तरी घरचे जेवण बदलून लोक वजन आवरू शकतात, हा विश्वास तिने दिला. कळण्याची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाज्या हे आपलेच अन्न आहे. चमचा मोजून तेल घातले तर भरीतही त्यात बसते.

तेव्हा निकाल असा. काउंटरवरचे सप्लिमेंट आणि जाहिरातीतली बाटली घेण्याजोगी नाही: फायदा सिद्ध नाही, पैसा जातो, यकृत-हृदयाला जोखीम आहे. ऑर्लिस्टॅटचा विचार बीएमआय 27 च्या वर असेल, किंवा 25 च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जडला असेल, तरच करावा. पाच फूट तीन इंच उंचीच्या व्यक्तीसाठी हे आकडे सुमारे 69 आणि 64 किलो होतात. तेही थायरॉइड, साखर, यकृत आणि मूत्रपिंड तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. बारा आठवड्यांत वजन पाच टक्क्यांनी उतरले नाही तर औषध थांबवावे, हा युरोपातला दंडक आपणही पाळावा. लग्नासाठी दोन महिन्यांत बारीक व्हायचे असलेल्या, मुळात निरोगी मुलीला यातली एकही गोळी लागत नाही.

ही जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून चालणार नाही. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे आणि त्याच्या यादीत स्थूलतेचे नाव आहे. स्थूलता बरी करण्याची हमी देणाऱ्या औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशा जाहिरातींवर गुन्हे दाखल करावेत आणि लग्नसराईपूर्वी या बाटल्यांचे नमुने तपासून निकाल जाहीर करावेत. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी स्थूलतेच्या रुग्णांसाठी ठरलेल्या दिवशी तपासणी आणि आहारसल्ला द्यावा व त्याची माहिती तालुक्यांपर्यंत पोचवावी. महापालिकांनी फिरण्याच्या रस्त्यांवर दिवे लावावेत.

आणि वाचकहो, घरात अशी एखादी बाटली असेल तर ती आजच फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना दाखवा. ती घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, छाती धडधडली किंवा मन उदास झाले, तर गोळी तिथल्या तिथे बंद करून दवाखाना गाठा. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी 1800-180-3024 हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यावर सामान्य माणूसही तक्रार नोंदवू शकतो. तुमची एक नोंद पुढच्या कुणाचे तरी यकृत वाचवू शकते.